‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ’: सगळं कंपाइल होतं, लिंक होत नाही, तेव्हा काय बघायचं

लक्षण ओळखीचं आहे. सी प्रोजेक्टमधली एकेक फाइल बिनतक्रार कंपाइल होते, शेवटी लिंकरची, म्हणजे तयार ऑब्जेक्ट फाइली जोडून एक प्रोग्रॅम बनवणाऱ्याची, पाळी येते आणि स्क्रीनवर उमटतं: ‘पंप.ओ: मल्टिपल डेफिनिशन ऑफ पंप_चालू, मेन.ओ: फर्स्ट डिफाइन्ड हिअर’. त्याखाली ‘कलेक्ट2: एरर: एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस’. व्हिज्युअल स्टुडिओवर काम करणाऱ्यांना हीच गोष्ट एलएनके2005 आणि पाठोपाठ एलएनके1169 म्हणून दिसते.

नाशिकच्या सातपूर आणि अंबडच्या पट्ट्यात पॅनेल, मीटर, पंप स्टार्टर, ठिबकचे कंट्रोलर बनवणारी छोटी युनिटं आहेत. तिथे फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) बहुतेक वेळा एकदोन माणसंच सांभाळतात आणि नवा प्रोजेक्ट म्हणजे जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरची कॉपी. त्यामुळे हेडर फाइलमधली एक चुकीची ओळ प्रोजेक्टमागून प्रोजेक्ट पुढे जात राहते. कॉलेजातून नुकतीच आलेली मुलं ती चूक गुगलवरच्या पहिल्या उत्तराने झाकतात आणि वर्षभराने ती दुसऱ्या रूपात वर येते. मला काळजी या झाकण्याची वाटते. लिंकर अडवतो तेव्हा फार बिघडलेलं नसतं. तो गप्प बसतो अशा जागा जास्त धोक्याच्या आहेत, आणि लेखाचा मोठा भाग त्यांच्यावरच आहे.

उदाहरण म्हणून दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेसाठीचा ठिबक कंट्रोलर घेऊ. फाइली चार: मेन.सी, पंप.सी, व्हॉल्व्ह.सी आणि सगळ्यांना लागणारी कॉमन.एच. कोडच्या ओळी इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना नेहमीसारख्या करा.

मुळात होतं काय

कॉमन.एच मध्ये कुणीतरी लिहिलेलं असतं: ‘इंट पंप_चालू = 0;’. ही हेडर तिन्ही सी फाइलींनी इन्क्लूड केलेली असते.

इन्क्लूड म्हणजे फक्त मजकूर चिकटवणं. कंपायलर सुरू होण्याआधी प्रीप्रोसेसर हेडरमधला सगळा मजकूर त्या जागी ओततो, आणि जे तयार होतं त्याला ट्रान्सलेशन युनिट म्हणतात. कंपायलर एका वेळी असं एकच युनिट बघतो. पंप.सी कंपाइल करताना व्हॉल्व्ह.सी नावाची फाइल जगात आहे हेही त्याला माहीत नसतं. म्हणून तो तिन्ही वेळा प्रामाणिकपणे ‘पंप_चालू’ साठी जागा राखतो आणि तिन्ही ऑब्जेक्ट फाइलींच्या सिम्बॉल टेबलमध्ये नोंद करतो की हे नाव माझ्याकडे आहे. लिंकर या टेबलांची जुळवाजुळव करायला बसतो तेव्हा एका नावाचे तीन मालक समोर येतात. त्यातला खरा कोण हे ठरवायचा अधिकार त्याला नाही, म्हणून तो थांबतो.

जमीन आणि सातबाऱ्याचा उतारा यांतला फरक आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उतारे हवे तितके काढा, जमीन एकच राहते. डिक्लेरेशन म्हणजे उतारा: या नावाचं, या प्रकारचं काहीतरी कुठेतरी आहे. डेफिनिशन म्हणजे जमीन: ते इथे आहे. हेडरमध्ये उतारे ठेवायचे, जमीन नाही.

म्हणजे कॉमन.एच मध्ये ‘एक्सटर्न इंट पंप_चालू;’ आणि फक्त पंप.सी मध्ये ‘इंट पंप_चालू = 0;’. पंप.सी ने कॉमन.एच इन्क्लूड केलेलीच असली पाहिजे. ती का, ते पुढे येईल. हेडरमध्ये एक्सटर्न लिहून पुढे ‘= 0’ ठेवू नका. किंमत दिली की ती पुन्हा डेफिनिशनच होते आणि एक्सटर्नला अर्थ उरत नाही.

‘पण सर, हेडर गार्ड तर लावलाय!’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की त्यावर थोडं थांबायलाच हवं. इफनडेफ-डिफाइन-एंडइफ काय किंवा प्रॅग्मा वन्स काय, दोन्हींचं राज्य एका ट्रान्सलेशन युनिटपुरतं. एकाच सी फाइलमध्ये तीच हेडर दोन वाटांनी आली तर दुसऱ्यांदा ती गार्डमुळे रिकामी होते, इतकंच. पंप.सी संपून व्हॉल्व्ह.सी सुरू झाली की प्रीप्रोसेसरची पाटी कोरी असते, आणि गार्ड पुन्हा उघडा. गार्ड लागतोच, स्ट्रक्टची व्याख्या एका फाइलमध्ये दोनदा येऊ नये म्हणून. पण लिंकरच्या या तक्रारीवर तो उपाय नाही.

काल चालत होतं, आज मशीन बदललं आणि बंद

हा प्रकार 2020 पासून खूप वाढला. त्याला कारण आहे. हेडरमध्ये ‘इंट पंप_चालू;’ असं किंमत न देता लिहिलं तर सी भाषेत त्याला टेंटेटिव्ह डेफिनिशन म्हणतात. जीसीसी हा कंपायलर पूर्वी अशा नावांना कॉमन सिम्बॉल म्हणून सोडत असे. फोर्ट्रानच्या कॉमन ब्लॉकपासून चालत आलेली ही सवय. लिंकर मग सगळ्या कॉमन नावांची एकच जागा करायचा आणि तक्रार करायचा नाही. मे 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 ने हा डीफॉल्ट बदलला: -एफकॉमन ऐवजी -एफनो-कॉमन. क्लँग या दुसऱ्या कंपायलरनेही त्याच वर्षी 11 व्या आवृत्तीत तेच केलं.

उबुंटू 20.04 वर जीसीसी 9 मिळतो, 22.04 वर 11. म्हणून ऑफिसमधल्या जुन्या मशीनवर बिल्ड होणारा प्रोजेक्ट नव्या लॅपटॉपवर डझनावारी एरर देतो आणि दोष नव्या माणसाच्या माथी येतो. त्याने काहीच बिघडवलेलं नसतं.

मेकफाइलमध्ये (बिल्ड कसा करायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) -एफकॉमन टाकलं की सगळं पुन्हा शांत होतं. ते तसं कायम ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कॉमनच्या काळात लिंकर नाव सोडून दुसरं काहीच तपासत नव्हता. पंप.सी मध्ये ‘इंट टायमर;’ आणि व्हॉल्व्ह.सी मध्ये, दुसऱ्या माणसाने दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला ‘इंट टायमर;’ असेल तर दोघांना एकच जागा मिळायची. आकार वेगळे असतील तर लिंकर मोठा आकार घेऊन मोकळा व्हायचा. पंपाचा वेळ मोजणारा आकडा व्हॉल्व्हवाला कोड शून्य करत असायचा आणि बागेत पाणी कधी जास्त, कधी कमी. नव्या कंपायलरने दिलेल्या डझनभर एररमध्ये अशी एखादी जोडी लपलेली असू शकते. म्हणून प्रत्येक नाव बघा, ही एकच वस्तू आहे की योगायोगाने सारख्या नावाच्या दोन वस्तू आहेत हे ठरवा, आणि मगच एक्सटर्न लावा. दोन असतील तर ज्याच्या त्याच्या सी फाइलमध्ये स्टॅटिक, म्हणजे त्या फाइलपुरतं, करा.

गुन्हेगार शोधायचा कसा

अंदाजाने फाइली उघडत बसू नका. ऑब्जेक्ट फाइलमधली नावं दाखवणारी एनएम ही कमांड सगळं सांगते. बिल्ड फोल्डरमध्ये ‘एनएम -ए *.ओ’ चालवा (‘ए’ कॅपिटल, म्हणजे प्रत्येक ओळीआधी फाइलचं नाव येतं) आणि ग्रेपने तक्रारीतलं नाव गाळून घ्या. एआरएमच्या टूलचेनमध्ये तिचीच त्या चिपसाठीची एनएम असते, ती वापरा. सी प्लस प्लस असेल तर कॅपिटल ‘सी’ चा पर्यायही जोडा, म्हणजे वाकडीतिकडी झालेली नावं माणसाला वाचता येतील अशी दिसतील.

नावाआधी एक अक्षर येतं, तेच महत्त्वाचं. ‘टी’ म्हणजे इथे फंक्शनचा कोड आहे, ‘डी’ म्हणजे किंमत दिलेला डेटा, ‘बी’ म्हणजे शून्याने सुरू होणारा डेटा, ‘यू’ म्हणजे मला हवं आहे पण माझ्याकडे नाही. ‘सी’ दिसलं तर वर सांगितलेलं कॉमन. ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ म्हणजे वीक, दुसरी पक्की डेफिनिशन मिळाली तर माघार घेणारं नाव. टी, डी, बी ही अक्षरं कॅपिटल असतील तर नाव सगळ्यांना दिसतं, स्मॉल असतील तर ते त्या फाइलपुरतं. निरोगी प्रोजेक्टमध्ये ‘पंप_चालू’ समोर एक कॅपिटल ‘बी’ आणि बाकी सगळे ‘यू’ दिसतात. दोन कॅपिटल ‘बी’ दिसले की त्या दोन फाइली उघडायच्या.

कधी कधी हेडर निर्दोष असते आणि तरी एरर येते. तेव्हा दोन गोष्टी पटकन बघा. एका सी फाइलने दुसरी सी फाइलच इन्क्लूड केली आहे का, आणि मेकफाइलमध्ये वाइल्डकार्ड आहे का. फोल्डरमध्ये ‘पंप_जुनं.सी’ नावाने ठेवलेली बॅकअप कॉपी वाइल्डकार्ड निमूटपणे उचलतं आणि अख्खी फाइल दोनदा लिंक होते. बॅकअपसाठी गिट आहे, सोर्स फोल्डर नव्हे.

लायब्ररीची भानगड जरा वेगळी. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा, आणि लिंकर त्यातून तेवढ्याच फाइली काढतो ज्यांच्यातलं एखादं नाव त्या क्षणी त्याला हवं असतं. तुम्ही स्वतः लिहिलेलं ‘सीआरसी_काढ’ हे फंक्शन लायब्ररीतही असेल, तरी लायब्ररीतली ती फाइल आत ओढली गेली नाही तोवर तक्रार येत नाही. मग एके दिवशी त्याच फाइलमधलं भलतंच फंक्शन तुम्ही वापरता, फाइल आत येते, सोबत दुसरं ‘सीआरसी_काढ’ घेऊन येते, आणि न बदललेल्या कोडवर एरर येते. लिंकरकडून मॅप फाइल काढून घेतली तर लायब्ररीतली कोणती फाइल कुणामुळे आत आली याची नोंद तिच्या सुरुवातीलाच मिळते.

आणि ‘अलाऊ मल्टिपल डेफिनिशन’ हा लिंकरचा पर्याय, किंवा मायक्रोसॉफ्टकडचा ‘फोर्स मल्टिपल’, यांना हात लावू नका. लिंकर मग आधी सापडलेली डेफिनिशन घेतो आणि पुढे जातो. फाइलींचा क्रम बदलला की प्रोग्रॅम बदलतो.

स्टॅटिकचं झाकण

हे स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हेडरमधल्या ओळीआधी स्टॅटिक लिहिलं की एरर नाहीशी होते: ‘स्टॅटिक इंट पंप_चालू = 0;’. आता प्रत्येक सी फाइलला स्वतःची वेगळी ‘पंप_चालू’ मिळाली. पंप.सी तिच्या प्रतीत 1 लिहिते. व्हॉल्व्ह.सी स्वतःची प्रत वाचते, तिथे कायम 0. व्हॉल्व्हचं लॉजिक ‘पंप चालू असेल तर निदान एक झोन उघडा ठेव’ असं असेल तर ते कधीच चालणार नाही. पंप चालू, सगळे व्हॉल्व्ह बंद, पाइपात दाब. टेबलावर एलईडी लावून केलेल्या टेस्टमध्ये हे लक्षातही येत नाही, कारण पंपाचा दिवा बरोबर लागतो. ते कळतं शेतात, जोड सुटल्यावर.

डीबगर लावला तरी गोंधळ होतो, कारण ज्या फाइलमध्ये थांबाल तिथली प्रत तो दाखवतो, आणि एकच व्हेरिएबल एका ठिकाणी 1 तर दुसरीकडे 0 दिसतं. अशा वेळी पुन्हा एनएम: तीन फाइलींत तीन स्मॉल ‘बी’ दिसले की उत्तर मिळालं. हेडरमध्ये स्टॅटिक शोभतं ते लहान इनलाइन फंक्शनला. बदलणाऱ्या व्हेरिएबलला कधीच नाही.

लिंकर नाव बघतो, प्रकार बघत नाही

पंप.सी ने स्वतःचीच हेडर इन्क्लूड करावी असं वर म्हटलं, ते यासाठी. समजा पंप.सी मध्ये ‘कॅर बाग_नाव[20];’ असा ॲरे आहे आणि व्हॉल्व्ह.सी मध्ये कुणी हाताने ‘एक्सटर्न कॅर *बाग_नाव;’ असं लिहिलं. दोन्ही फाइली कंपाइल होतात, लिंकही होतात, वॉर्निंगसुद्धा नाही. चालवल्यावर व्हॉल्व्ह.सी त्या जागेतले पहिले चार बाइट, म्हणजे नावाची पहिली अक्षरं, पत्ता समजून तिकडे जाते. 32 बिटी कॉर्टेक्स-एम चिपवर याचा शेवट बहुधा हार्ड फॉल्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कोसळण्यात, होतो.

सी च्या ऑब्जेक्ट फाइलमधल्या सिम्बॉलला प्रकार चिकटलेला नसतो. ॲरे की पॉइंटर, इंट की फ्लोट, लिंकरला काही फरक पडत नाही. दोन्ही बाजू एकत्र बघू शकेल असा एकच जण आहे, तो कंपायलर, आणि तोही तेव्हाच, जेव्हा डिक्लेरेशन आणि डेफिनिशन एकाच युनिटमध्ये येतात. म्हणून एक्सटर्न फक्त हेडरमध्ये लिहायचं, सी फाइलमध्ये हाताने कधीच नाही, आणि डेफिनिशन असलेल्या फाइलने ती हेडर घेतलीच पाहिजे. मग हीच चूक ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ म्हणून दोन सेकंदांत पकडली जाते.

जुना कोड असेल आणि सगळं वाचायला वेळ नसेल, तर एकदा -एफएलटीओ लावून वेगळा बिल्ड करून बघा. एलटीओमध्ये (लिंक टाइम ऑप्टिमायझेशन) जीसीसीला सगळ्या फाइली एकत्र दिसतात आणि असे विसंगत प्रकार तो वॉर्निंगमध्ये सांगतो. तो बिल्ड शेतात पाठवायची गरज नाही, तपासणीपुरता पुरे.

सी प्लस प्लस वाल्यांसाठी

इथे नियम थोडे सैल आणि म्हणूनच जास्त फसवे आहेत. क्लासच्या आत लिहिलेली फंक्शन्स आपोआप इनलाइन असतात, टेम्प्लेट हेडरमध्ये ठेवलेलीच चालतात. अशा गोष्टींची डेफिनिशन अनेक फाइलींत येऊ शकते, अट एकच: सगळ्या प्रती तंतोतंत सारख्या हव्यात. कंपायलर त्या वीक म्हणून सोडतो आणि लिंकर त्यातली एक ठेवतो. क्लासबाहेर हेडरमध्ये लिहिलेलं साधं फंक्शन किंवा टेम्प्लेटचं फुल स्पेशलायझेशन या सवलतीत येत नाही, त्यांना इनलाइन हा शब्द द्यावा लागतो. सी प्लस प्लस 17 पासून व्हेरिएबललाही इनलाइन लावता येतं आणि एक्सटर्नची कसरत टळते. ‘कॉन्स्ट इंट झोन_संख्या = 8;’ ही ओळ सी प्लस प्लसच्या हेडरमध्ये चालते, कारण तिथे ग्लोबल कॉन्स्ट फाइलपुरता असतो. तीच हेडर सी मध्ये नेली की मल्टिपल डेफिनिशन.

आता ती अट मोडली तर? पंप.सीपीपी मध्ये ‘सेटिंग’ नावाचं स्ट्रक्ट आहे, चार फील्डचं. व्हॉल्व्ह.सीपीपी मध्येही ‘सेटिंग’ आहे, दुसऱ्याने लिहिलेलं, दहा फील्डचं. दोन्हींचे कन्स्ट्रक्टर आतच लिहिलेले. दोन्ही वीक, दोन्हींचं नाव एक, लिंकर एक ठेवतो, दुसरा टाकतो. दहा फील्डचा कन्स्ट्रक्टर चार फील्डच्या जागेवर चालला की शेजारची मेमरी गेली. एरर नाही, वॉर्निंग नाही, कारण भाषेचं स्टँडर्डच म्हणतं की ही चूक सांगण्याची सक्ती नाही. वर ऑप्टिमायझेशन लावलं की कन्स्ट्रक्टर जागच्या जागी विरघळतो आणि बिघाड गायब होतो, काढलं की परत येतो. असं कधी दिसलं तर हार्डवेअरवर संशय घेण्याआधी सारख्या नावाची स्ट्रक्ट शोधा. एकाच सीपीपी फाइलपुरतं जे आहे ते निनावी नेमस्पेसमध्ये ठेवा. -एफएलटीओ इथेही मदत करतो: -डब्ल्यूओडीआर ही वॉर्निंग जीसीसीत मुळातच चालू असते, फक्त तिला एलटीओची साथ लागते.

एसटीएम32 मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांनी आणखी एक सापळा लक्षात ठेवावा. स्टार्टअप फाइलमध्ये सगळे इंटरप्ट हँडलर वीक असतात आणि डीफॉल्ट हँडलरकडे, म्हणजे एका अनंत लूपकडे, वळवलेले असतात. तुम्ही त्याच नावाचं फंक्शन लिहिलं की तुमचं जिंकतं. पण ते सीपीपी फाइलमध्ये एक्सटर्न-सी (नाव सी सारखं साधंच ठेव अशी सूचना) शिवाय लिहिलंत, तर कंपायलर नावाला पॅरामीटरची शेपटी जोडतो, नाव जुळत नाही, वीक हँडलर तसाच राहतो आणि पहिल्याच इंटरप्टला बोर्ड गोठतो. स्पेलिंग चुकलं तरी हेच. लिंकर बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच कमी नाही. एनएमने लिंकरने बनवलेल्या शेवटच्या ईएलएफ फाइलमध्ये त्या हँडलरसमोर कॅपिटल ‘टी’ आहे की ‘डब्ल्यू’ हे बघा.

उलट बाजू: अनडिफाइन्ड रेफरन्स

हे तुलनेने सरळ. नाव सगळीकडे ‘यू’ आहे, मालक कुठेच नाही. सी फाइल मेकफाइलमध्ये घालायची राहिली असेल, किंवा सी चं फंक्शन सी प्लस प्लस मधून एक्सटर्न-सी शिवाय बोलावलं असेल, किंवा कमांडमध्ये लायब्ररी तिला वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलच्या आधी लिहिली असेल. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, लायब्ररी नंतर लिहा. सी च्या हेडरमध्ये नुसतं इनलाइन लिहिलेलं फंक्शन ऑप्टिमायझेशनशिवाय हीच एरर देतं, तिथे स्टॅटिक इनलाइन करा.

सगळं बरोबर दिसतंय आणि तरी वागणूक विचित्र असेल तर एकदा क्लीन बिल्ड घ्या. हेडरमधलं स्ट्रक्ट बदललं पण मेकफाइलला हेडरवरचं अवलंबन माहीत नसेल, तर काही ऑब्जेक्ट फाइली जुन्या मापाच्या राहतात आणि लिंकर त्या नव्यांबरोबर बिनदिक्कत जोडतो. -एमएमडी आणि -एमपी हे पर्याय लावून तयार होणाऱ्या डी फाइली मेकफाइलमध्ये इन्क्लूड केल्या की दर वेळी क्लीन करावं लागत नाही.

एवढं करून सुटलं नाही आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर स्क्रीनचा अर्धवट फोटो पाठवू नका. पहिल्या एररचा पूर्ण मजकूर दोन्ही फाइलींच्या नावांसकट, त्या नावासाठी एनएमने दिलेल्या ओळी, लिंकरची पूर्ण कमांड आणि कंपायलरची आवृत्ती, एवढं एकत्र पाठवा. कोड सहसा बघावाही लागत नाही.